नळीला कुठली गोळी मानवते

रायफलची गोळी कागदातून आरपार गेली की भोक गोल पडतं, यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. माझी भोकं लांबट पडत होती. ज्वारीच्या दाण्यासारखं गोल पडायच्या ऐवजी गव्हाच्या दाण्यासारखं, आणि तेही एकमेकांपासून चार-चार इंच लांब, म्हणजे शंभर यार्डांवर कुणीतरी मूठभर गहू फेकून मारल्यासारखं दिसत होतं. मी आधी स्वतःला दोष दिला, मग चष्म्याला, मग स्कोपला (रायफलवरची नेम धरायची दुर्बीण), स्कोपचे सगळे स्क्रू परत आवळले, तरी तेच. शेवटी रेंजवर शेजारच्या बाकावर बसणारे एक आजोबा उठून आले, टार्गेटकडे दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाले, रायफल कुठल्या सालची आहे?

थोडं मागचं सांगतो. मी मूळचा सांगलीचा, गेली बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे, आणि इथे नोव्हेंबर संपत आला की निम्मं गाव भगवी जॅकेटं घालून हरणाच्या मागे जंगलात जातं (भगवं यासाठी की दुसऱ्या शिकाऱ्याने तुम्हाला हरीण समजू नये, बाकी काही अर्थ काढू नका). आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला आणि ते बरंच झालं, पण इथे हरणं इतकी आहेत की सरकारच दरवर्षी परवाने देऊन संख्या आटोक्यात ठेवतं. तर मीही कोर्स केला, लायसन काढलं आणि एक जुनी रायफल स्वस्तात घेतली. स्वस्त का होती ते दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नळीवर कोरलं होतं .२४४ रेमिंग्टन. आता हे काडतूस त्या नावाने मिळत नाही, ६ एमएम रेमिंग्टन या नावाने मिळतं, दोन्ही एकच आहे, फक्त बारसं दुसऱ्यांदा झालंय. का झालं ती गोष्ट पुढे येतेच. पण इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हा लेख वाचून कुणी भलतंच करायला नको. नळीवर जे नाव कोरलंय तेच काडतूस त्यात घालायचं, साधारण तेवढंच दिसतंय, बसतंय, म्हणून चालेल असं अजिबात नाही. माझ्यासारखी नाव बदललेली केस असेल तर गनस्मिथला दाखवून खात्री करायची. मी खाली जी जुळवाजुळव सांगतोय ती त्याच नावाच्या काडतुसांमधली, म्हणजे दुकानात त्या एका नावाचे जे पाच-सहा प्रकारचे डबे असतात, वेगळ्या वजनाच्या गोळ्या, वेगळा आकार, वेगळी कंपनी, त्यातला आपल्या नळीला कुठला मानवतो हे शोधायचं. मानवतो हाच शब्द बरोबर आहे. एकाला दूध मानवतं, दुसऱ्याला त्याच दुधाने पोट बिघडतं, दुधात दोष नसतो.

तर आजोबांनी काय केलं, माझी रायफल रिकामी आहे हे स्वतः दोनदा बघितलं, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) काढून बाजूला ठेवला आणि आपल्या पेटीतून नळी साफ करायचा गज काढला. गजाच्या टोकाला कापडाचा घट्ट बोळा, मुठीजवळ गजावर मार्करने एक ठिपका. बोळा नळीत सरकवला की तो आतल्या आट्यांमध्ये अडकतो आणि गज ढकलू तसा आपोआप फिरायला लागतो (गजाची मूठ बेअरिंगवर असते, त्यामुळे फिरू शकतो). ठिपका वर होता तिथे एक खूण केली, हळूहळू ढकलत राहिले, ठिपका पूर्ण गोल फिरून परत वर आला तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांमधलं अंतर टेपने मोजलं, बारा इंच. आजोबा हसले आणि म्हणाले, तू घातलेल्या डब्यावर १०० ग्रेन लिहिलंय ना, मग बरोबर आहे. (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, नीट पुढे सांगतो.)

आता हे बारा इंच म्हणजे काय. रायफलच्या नळीत आतून आटे असतात, स्क्रूला असतात तसेच पण खूप सावकाश वळत जाणारे. गोळी त्यातून जाताना तिला फिरकी मिळते. बारा इंच पुढे जाताना आटे एक पूर्ण वेढा घेत असतील तर त्याला बाराचा ट्विस्ट म्हणतात, लिहिताना १:१२. दहा इंचात एक वेढा असेल तर १:१०, म्हणजे आकडा लहान तितकी फिरकी जोरात. गंमत म्हणून हिशोब करा, गोळी सेकंदाला ३००० फूट जात असेल आणि दर फुटाला एक वेढा घेत असेल तर सेकंदाला ३००० वेढे, मिनिटाला १ लाख ८० हजार. आपला घरचा मिक्सर फुल स्पीडला वीस हजारांच्या आसपास फिरतो, आणि तेवढ्यातही शेजारी उठतात.

फिरकी कशाला हवी ते भोवरा खेळलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. जाळी घट्ट गुंडाळून जोरात सोडलेला भोवरा आरेवर सरळ उभा राहतो, ढिला सोडला की झिंगल्यासारखा डोलतो आणि आडवा होतो. गोळीचंही तेच. टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं, समोरून हवा तिच्या नाकाला सतत ढकलत असते, फिरकी नसेल तर ती हवेतच उलटीपालटी होईल. फिरकी पुरेशी नसेल तर पूर्ण उलटत नाही पण डोलत जाते, कागदावर तिरकी लागते आणि भोक लांबट पडतं. गव्हाचा दाणा तो हाच.

आणि आता खरा मुद्दा, जो मला चाळिशी उलटल्यावर कळला. किती फिरकी लागते हे गोळीच्या वजनावर नाही, लांबीवर ठरतं. उंच भोवऱ्याला जास्त जोर लागतो, बुटका थोड्याशा फिरकीतही उभा राहतो. डब्यावर वजन लिहिलेलं असतं म्हणून सगळे वजनाचं बोलतात, आणि एकाच जाडीच्या, एकाच धातूच्या गोळ्यांमध्ये जड म्हणजे लांबच असणार, त्यामुळे चालून जातं. इंग्लंडमध्ये वूलिचच्या मिलिटरी अकादमीत ग्रीनहिल नावाचे गणिताचे प्रोफेसर होते, त्यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपा हिशोब काढून दिला तो आजही लोक वहीच्या मागच्या पानावर करतात. गोळीचा व्यास इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १५० ने गुणायचं (आजच्या वेगवान गोळ्यांसाठी १८० ने) आणि गोळीच्या लांबीने भागायचं, उत्तर येतं तो ट्विस्ट. माझ्या रायफलचा व्यास .२४३ इंच, वर्ग .०५९, गुणिले १८० म्हणजे साधारण १०.६. गोळी एक इंच लांब असेल तर १०.६ इंचात एक वेढा लागणार. माझी १०० ग्रेनची टोकदार गोळी जवळजवळ तेवढीच लांब आणि माझी नळी बाराची. म्हणजे फिरकी थोडीशीच कमी, पण थोडीशी कमी असली तरी कमीच ना. ९० ग्रेनची गोळी .९ इंचाच्या आसपास, तिला ११.८ चालतो, म्हणजे काठावर. त्याहून हलकी असेल तर निवांत.

ग्रेन म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. वजनाचं जुनं इंग्रजी माप, एका पौंडात ७००० ग्रेन. पण आपल्याला ते जास्त जवळून माहीत आहे, कारण ब्रिटिशांच्या काळात तोळा बसवला तो बरोबर १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम. इथे .३०-०६ नावाच्या रायफलीत मोठ्या जनावरासाठी १८० ग्रेनची गोळी वापरतात, म्हणजे अगदी एक तोळा. (आता सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात ती गोष्ट वेगळी, तिथे भांडून उपयोग नाही.) माझी १०० ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅमची.

आता बारशाची गोष्ट. १९५५ साली अमेरिकेत दोन कंपन्यांनी जवळजवळ जुळी काडतुसं बाजारात आणली, दोन्हींची गोळी सारख्याच जाडीची. विंचेस्टरने .२४३ आणलं आणि नळीला १:१० ट्विस्ट दिला. रेमिंग्टनने .२४४ आणलं, त्यात दारू किंचित जास्तच मावत होती, पण ते धरून चालले की लोक यातून घुशीसारखी लहान शेतनाशी जनावरं मारतील, त्याला ७५ किंवा फार तर ९० ग्रेनची गोळी पुरे, म्हणून नळी ठेवली १:१२. लोकांना काय हवं होतं, एकच रायफल, उन्हाळ्यात घुशी आणि थंडीत हरणं, आणि हरणाला १०० ग्रेन. विंचेस्टरच्या नळीला १०० ग्रेन मानवायचं, रेमिंग्टनच्या नळीला बऱ्याचदा नाही. झालं, .२४३ घराघरात गेलं, .२४४ दुकानात पडून राहिलं. रेमिंग्टनने मग ट्विस्ट बदलून १:९ केला आणि १९६३ मध्ये तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन असं नवं नाव देऊन परत आणलं, पण तोपर्यंत लोकांचं मत बनून गेलं होतं. तीन इंचांच्या फरकाने एक चांगलं काडतूस बसलं. माझी रायफल त्या पहिल्या लॉटमधली, आणि मी तिला नव्या नावाच्या डब्यातली लांब गोळी खायला घालत होतो.

हे फक्त शिकाऱ्यांचंच झालं असंही नाही. अमेरिकन लष्कराच्या एम-१६ रायफलीला सुरुवातीला १:१४ ट्विस्ट होता. कडाक्याच्या थंडीत चाचणी घेतली तेव्हा गोळ्या डोलायला लागल्या, कारण थंड हवा दाट असते आणि दाट हवा नाकाला जास्त ढकलते, मग ट्विस्ट १:१२ केला. पुढे ऐंशीच्या दशकात लांब गोळी आणि त्याहून लांब ट्रेसर (जाताना मागे उजेडाची रेघ सोडणारी गोळी) आले तेव्हा थेट १:७. म्हणजे ज्या नळीला उन्हाळ्यात रेंजवर सगळं मानवतंय तीच काठावर असेल तर डिसेंबरच्या पहाटे दगा देऊ शकते. काठावरची गोळी म्हणूनच घ्यायची नाही.

तांब्याच्या गोळ्यांचाही एक घोळ आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं वापरायला पूर्ण बंदी आहे, कारण शिकाऱ्यांनी टाकून दिलेले अवशेष कॉन्डोर नावाची गिधाडं खातात आणि शिशाची विषबाधा होऊन मरतात (आपल्याकडे गिधाडं गुरांना देत त्या डायक्लोफेनॅक औषधाने गेली, तिकडे शिशाने). मग लोक पूर्ण तांब्याच्या गोळ्या घ्यायला लागले, आणि नेहमीचंच वजन घेतलं. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढंच वजन भरायला गोळी लांब करावी लागते. वजन तेच, लांबी जास्त, नळी जुनी, की परत गव्हाचे दाणे. तांब्याची घ्यायची तर सवयीच्या वजनापेक्षा एक पायरी खाली उतरून बघायचं.

बरं, ट्विस्ट जुळला म्हणजे सगळं जुळलं का, तर नाही. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफली घ्या, ट्विस्ट सारखा, तरी एकीला लाल डबा आवडेल, दुसरीला निळा. कारणं बरीच आहेत. गोळी काडतुसातून सुटल्यावर आट्यांना भिडेपर्यंत थोडी मोकळी उडी मारते, ती उडी कुठल्या नळीत लांब, कुठल्या गोळीला छोटी. नळीच्या आतल्या मापात केसाहून बारीक फरक असतो. आणि बार उडाला की नळी थरथरते, टोक सूक्ष्म वर-खाली होतं, गोळी नेमकी कुठल्या क्षणी बाहेर पडते यावर ती कुठे जाईल ते ठरतं. यात एक भारी उदाहरण आपल्याला माहीत असलेल्या .३०३ ली-एनफिल्डचं, पूर्वी आपल्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ती. तिची नळी अशी थरथरायची की जरा हळू निघालेली गोळी टोक किंचित जास्त वर असताना बाहेर पडायची, त्यामुळे हळू गोळी जितकी खाली पडायला हवी तितकी पडायचीच नाही, आणि लांबच्या अंतरावर ही रायफल जवळच्यापेक्षा अब्रू राखून मारायची. जुन्या .३०३ च्या काडतुसाच्या बुडावर केएफ असा शिक्का दिसला तर तो आपल्या पुण्याच्या खडकीच्या फॅक्टरीचा, हे जाता जाता.

पण या थरथरीवर लोक रात्र-रात्र वाद घालतात आणि मला विचाराल तर साध्या माणसाला त्यात पडायची गरज नाही. चार डबे आणायचे, मारून बघायचे, नळी काय ते सांगते. फक्त विचारायची पद्धत नीट पाहिजे, आणि तिथेच बहुतेक लोक स्वतःला फसवतात, मीही फसवलं.

तीन गोळ्या मारल्या, तिन्ही एका रुपयाखाली झाकल्या, फोटो काढला, व्हॉट्सॲपवर टाकला. तीन गोळ्या कुणाच्याही जुळतात हो. मी त्याच १०० ग्रेनच्या डब्यातून एकदा तीन गोळ्यांचा दीड इंची ग्रुप (म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर) मारला होता आणि दोन आठवडे त्या फोटोवर जगलो. गोळ्या वाढवल्या की ग्रुप वाढतोच, रायफल बिघडली म्हणून नाही, नशिबाला संधी जास्त मिळते म्हणून. हिशोबाने बघितलं तर तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी १ इंच असेल तर त्याच रायफलचा, त्याच डब्याचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरी १.६ इंच येतो. त्यामुळे एका डब्याचे तीन विरुद्ध दुसऱ्या डब्याचे तीन असं मारून निकाल लावणं म्हणजे दोन ओव्हर बघून बॅट्समन निवडण्यासारखं. निदान दहा तरी मारा, पाच-पाचचे दोन ग्रुप चालतील. आणि ती एक बाहेर गेलेली गोळी, जिला सगळे माझा हात हलला म्हणून सोडून देतात, ती मोजायची. ट्रिगर दाबायच्या आधी हात हलला म्हणाला असतात तर गोष्ट वेगळी, टार्गेट बघून झाल्यावर म्हणायचं नाही.

बाकी आम्ही कसं केलं ते सांगतो. एकच सकाळ, वारा नव्हता, रायफल पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर. डबा बदलला की आधी चार-पाच गोळ्या नुसत्या मारून टाकायच्या, आधीच्या गोळीचा तांब्या-शिशाचा थर नळीत असतो, नव्याला आपला थर बसवू द्यायचा. दोन गोळ्यांत एक-दीड मिनिट, पाच झाल्या की बोल्ट उघडा ठेवून नळीला हात लावून बघायचा, गरम असेल तर थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड, आजोबांनी त्यासाठी थर्मासमध्ये कॉफी आणली होती. टार्गेटवर डब्याचं नाव, वजन, लॉट नंबर आधी लिहायचं, नंतर आठवत नाही.

१०० ग्रेन टोकदार, पाच गोळ्या, चार इंचांच्या वर. १०० ग्रेनचीच पण बोथट नाकाची, आजोबांकडे जुन्या पडून होत्या, दोन इंच आणि भोकं गोल. वजन तेच, पण नाक बोथट म्हणून गोळी आखूड, आणि हे डोळ्यांनी बघितल्यावर लांबीची गोष्ट डोक्यात पक्की बसली. ८५ ग्रेन, सव्वा इंच. ७५ ग्रेन, एक इंचाला थोडा कमी, सगळ्यात सुंदर ग्रुप. मी म्हटलं चला, ७५ ठरलं. आजोबा म्हणाले, हरणाला? ती गोळी लहान जनावरासाठी बनवलेली, गोळीचं वरचं आवरण पातळ, हरणाच्या खांद्याच्या हाडावर फुटून जाईल आणि जनावर जखमी होऊन पळेल, दोन दिवसांनी मरेल. हरणाच्या छातीतली नेम धरायची जागा आठ इंचांची, नाश्त्याच्या बशीएवढी, तिथे सव्वा इंच आणि एक इंच यात फरक काय पडतो. पोचल्यावर गोळी काय करते ते जास्त महत्त्वाचं. म्हणून मी ८५ घेतली, हरणासाठी बनवलेली.

कोल्हापूरला माझा भाचा दहा मीटर एअर रायफल खेळतो. तिथलं पाणीच तसलं आहे, तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये पन्नास मीटरमध्ये ब्राँझ आणलं, मग घरोघरी एक तरी पोरगं जॅकेट घालून उभं. त्याने फोन केला, मामा, छरे ४.४९ चे घेऊ का ४.५० चे का ४.५१ चे, सर म्हणत्यात ४.५० घे, मित्र म्हणतोय ४.४९. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, आणि दहा मीटरवर दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर, त्यामुळे तिथे हा फरक दिसतो. मी म्हटलं तिन्ही मापांची एक-एक डबी आण, रायफल शिकंजात पकडून प्रत्येकाचे दहा-दहा मार आणि मला फोटो पाठव. म्हणाला, तीन-तीन मारले तर चालत्यात का, छरे महाग हायत.

मोठे खेळाडू काय करतात तर स्वतःची रायफल किंवा नुसती नळी घेऊन काडतूस बनवणाऱ्या कंपनीच्या टेस्टिंग रेंजवर जातात, तिथे ती शिकंजात बसवून एकेका लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि जो लॉट मानवला त्याचाच साठा विकत घेतात, कारण त्याच नावाचा, त्याच किमतीचा, त्याच डब्यातला पुढचा लॉट तसाच वागेल याची खात्री नाही. मला हे ऐकून आधी श्रीमंतांचे चोचले वाटले होते. मग गेल्या ऑक्टोबरमध्ये माझे ८५ ग्रेनचे डबे संपले, तेच नाव, तेच वजन बघून दोन नवीन आणले, लॉट नंबर वेगळा. ग्रुप तेवढाच छान, सव्वा इंच, पण अख्खा ग्रुप दीड इंच डावीकडे आणि एक इंच खाली. जुन्या लॉटच्या सात गोळ्या अजून उरल्यात, त्या वेगळ्या डबीत रबर लावून ठेवल्यात, आणि येत्या शनिवारी स्कोप परत सेट करायला जायचंय, आजोबांना कॉफी आणायला सांगितलीय.